उठून उभं राहीपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझा घसा कसा आहे असं फोनवर मामीला विचारलं, तर म्हणाली, "घर एवढं शांत कधीच नव्हतं, डॉक्टरांचे उपकारच झाले." म्हणजे तू बरा आहेस असं मी धरून चालते. आयुष्यभर रेडिओवरून फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर तीन महिने चकार शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग हसूच फुटलं. रागावू नकोस. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर तू म्हणे पाटीवर लिहून दाखवलंस की अंगठ्यांनी लिहिणं म्हणजे कोपराने जेवणं. म्हणून मुकाट्याने कागद घेतलाय.

काम आहे. काल मी पार तोंडावर आपटले. आमच्या विभागात वर्षातून एकदा प्रत्येकाने आपलं संशोधन सगळ्यांना सांगायचं असतं. मी काय करते ते तुला ठाऊक आहे: वयस्कर माणसांच्या बुटात घालायचे पातळ तळवे आम्ही बनवलेत. माणूस चालताना भार कुठून कुठे जातो ते त्यात नोंदलं जातं, आणि त्यावरून हा माणूस पुढे पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधता येतो. आता हे मी तुला दोन वाक्यांत सांगितलं. काल अर्धा तास बोलले. पडद्यावर आलेखामागून आलेख, प्रत्येकावर बारीक अक्षरांत तळटीपा. शेजारच्या प्रयोगशाळेतला आमचा मित्र पहिल्या रांगेत बसून झोपला. शेवटी आमच्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, माझ्याच खोलीत माझ्याशेजारी बसतात त्या, म्हणाल्या, "छान. पण तुला नेमकं सापडलंय काय?"

पुढच्या महिन्यात मला ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात बोलायचंय. तिथल्या लोकांनी हे तळवे घालून रोज चालायला हवं. ते तयार झाले नाहीत तर उन्हाळ्यात माझं काम बंद होईल, बाईंनी स्पष्टच सांगितलंय. जे बाईंना कळलं नाही ते आजी-आजोबांना कसं सांगू? ज्यांना मैदान दिसत नव्हतं त्यांना तू मैदान दाखवायचास. मला शिकव ना.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हसलीस ते कळलं. हस. तुझी मामीसुद्धा हसते. परवा तिने मला काही विचारलं आणि मी पाटी शोधेपर्यंत स्वतःच उत्तर देऊन स्वयंपाकघरात निघून गेली. म्हणते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपला वाद पूर्ण झाला.

तू पाठवलेले आलेख मामीच्या मोबाइलवर पाहिले. तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग. मीही झोपलो असतो, फक्त मला घोरायलाही बंदी आहे.

आता ऐक. रेडिओ लावणारा माणूस स्वयंपाक करत असतो, दाढी करत असतो, दुकानात गिऱ्हाईक सांभाळत असतो. त्याला सगळ्यात आधी एकच गोष्ट हवी असते: चेंडू कुठे आहे. हवा कशी आहे, प्रेक्षक किती आहेत, मैदान कुणी बांधलं, हे सगळं नंतर. तू अर्धा तास मैदानाचा इतिहास सांगितलास आणि चेंडू कुठे आहे ते सांगितलंच नाहीस. तुझा चेंडू कोणता? एका वाक्यात लिहून पाठव, आणि मामीशी बोलताना वापरशील तेच शब्द वापर.

दुसरं, बावीस खेळाडू एकदम सांगू नयेत. एकाला धर, त्याच्या मागे जा. बाकीचे आपोआप दिसतात.

तिसरं, ऐकणारा कोण ते बघून बोलायचं. तुझ्या विभागातल्या लोकांना खेळाचे नियम पाठ आहेत. त्यांना नवा डाव सांग, आणि तो चालतो हे कशावरून, ते सांग. केंद्रातल्या आजी-आजोबांना नियम नकोत. त्यांना माणूस हवा. गोष्ट तीच, दार वेगळं.

गप्प बसून मी आतून फुगलो होतो. तुझ्या पत्रामुळे बोलायला जागा मिळाली, त्याबद्दल आभार. मामी म्हणते, पत्रातही तुम्ही जास्तच बोलता.

तुझा,
मामा


२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चेंडू सापडला. मामीला डोळ्यांपुढे ठेवून कितीतरी वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी हे उरलं: "माणूस पडायच्या बऱ्याच आधी त्याचे पाय तसं सांगत असतात, आणि आता आपल्याला ते ऐकता येतं."

हे वाक्य घेऊन मी बाईंकडे गेले आणि विनंती केली की सोमवारच्या बैठकीत मला पुन्हा बोलू द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण हो म्हणाल्या. मी पहिलं वाक्य बोलले, मग एकच आलेख दाखवला, एकाच माणसाचा. मग तो खरा कशावरून, तेवढंच. झोपणारा मित्र जागा होता, आणि नुसता जागा नाही, माझ्याशी भांडत होता. हा अंदाज बुटाच्या झिजेमुळे चुकत नाही कशावरून, असं त्याने विचारलं. मामा, मला इतका चांगला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याला आधी माझं काम कळलंच नव्हतं, तर तो विचारणार काय? बाई जाता जाता म्हणाल्या, "आता कळलं." एवढंच, पण मला तेवढंच हवं होतं.

दहा दिवसांनी केंद्र. तिथे तू म्हणालास तसं एकाच माणसाला धरते. एक आजी आहेत, चहा टाकून दार उघडायला निघाल्यात. त्या पडतात तो क्षण मी तुझ्यासारखा सांगणार आहे, सामन्याच्या वर्णनासारखा, पायापायाने. त्यात पाय काय काय सांगत होते ते येईल. चालेल ना?

तुझी,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

चालेल काय, धावेल.

वाक्यं छोटी ठेव. सगळं आत्ता घडतंय असं बोल. "आजी निघाल्या" नाही, "आजी निघतात". आणि पडायच्या अगदी आधी थांब. श्वास घे. त्या थांबण्यात सगळं सभागृह तुझ्या मुठीत येईल. गोल होण्याआधी मी नेहमी थांबायचो, लोक हातातली कामं सोडायचे.

मामीने हे वाचून डोळे मोठे केलेत. कौतुक असावं.

मामा


४ मार्च

प्रिय मामा,

मी अजून हवेत आहे.

केंद्राचा हॉल तळमजल्यावर आहे, मागे छोटी बाग आणि बागेभोवती फरसबंद वाट. आधी सगळे कुरकुरत होते. एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, किती वेळ लागेल. मग मी सुरुवात केली. आजी गॅसवर चहा ठेवतात. घंटा वाजते. आजी वळतात, डावा पाय वळतो, उजवा मागे राहतो. भार टाचेवर. पायपुसण्याची कड. मी थांबले. मामा, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्या पडतात ते सांगितलं, आणि मग म्हणाले, यांच्या पायांनी हे कितीतरी आधीपासून सांगितलं होतं.

टाळ्या थांबेनात. सगळ्यांत पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, सगळं केंद्र त्यांना वचकून असतं. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "बाळ, शिकवावं तर असं." तळव्यांसाठी मला हवी होती त्याहून जास्त नावं आली. व्यवस्थापक बाईंना वरून खुर्च्या आणायला लागल्या.

हे सगळं तुझं आहे. तू बोलू शकत नव्हतास म्हणून मला तुझं एवढं मिळालं, असं मनात येतं आणि लाजही वाटते. मनापासून आभार, मामा. ध्वनिमुद्रण मामीच्या मोबाइलवर पाठवलंय.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

प्रिय भिंगरी,

ऐकलं. एकदा, दोनदा, मग पाटीवर "पुन्हा" असं लिहून मामीला दाखवलं. तो थांबा तर मीही इतका चांगला घेतला नसता. आमच्या रेडिओ केंद्रातले जुने लोक असते तर तुला उचलून घेऊन गेले असते. मला मूल नाही, पण त्या दिवशी वाटलं की आवाज एका घशातून दुसऱ्या घशात जाऊ शकतो. हे तोंडाने सांगता आलं नसतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

मामी तर तुझ्या बोलण्यात इतकी गुंगली आहे की रोज ऐकते. खिडकीपाशी बसून असते. संध्याकाळी फिरायला जायचंही तिच्या लक्षात राहत नाही. मी चपला पुढे ठेवल्या की हाताने "उद्या" म्हणते. आता मौन मी पाळायचं की तिने, असं मी तिला लिहून विचारलं.

तुझा,
मामा


३० मार्च

प्रिय मामा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

तळवे वाटून झाल्यावर रोज त्यांची नोंद आमच्याकडे येते. पहिल्या दोन दिवसांनंतर नोंदी जवळजवळ कोऱ्या यायला लागल्या. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मित्राला घेऊन सगळं तपासलं, काही बिघडलेलं नव्हतं. मग व्यवस्थापक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या भाषणापासून बागेत कुणी फिरकत नाही. तुम्ही एकदा येऊन जा."

गेले. संध्याकाळची वेळ, वाट रिकामी. सगळे हॉलमध्ये बसलेले, पायांत माझे तळवे घालून. मुख्याध्यापिका बाई खुर्चीचे दोन्ही हात धरून बसल्या होत्या. मला पाहून हसल्या. म्हणाल्या, "तू इतकं छान सांगितलंस ना, की उठायला गेले की मला ते सगळं दिसतं. तो उजवा पाय मागे राहिलेला दिसतो. मग मी बसते. बरं झालं तू सावध केलंस." आणि माझे आभार मानले. मामा, एकामागून एक सगळे माझे आभार मानत होते.

बसून राहिलं की पायांतली ताकद जाते, आणि मग माणूस खरंच पडतो. मला हे माहीत आहे, माझ्या प्रबंधात पहिल्याच पानावर आहे. आणि मीच त्यांना बसवलं. माझं काम बुडेल याचं वाईट वाटायला हवं, तेही वाटतंय, पण त्या खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत. त्या पडल्या तर त्याला मी कारण असेन.

विभागप्रमुख बाईंनी दोन आठवडे दिलेत. पुन्हा जाऊन काय सांगू? घाबरू नका म्हटल्याने कुणाची भीती जाते का?

भिंगरी


३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि उठून मामीकडे पाहिलं. ती खिडकीपाशीच होती.

ती गुंगलेली नाही. ती घाबरली आहे. तीन आठवडे माझ्या डोळ्यांपुढे बसली आहे आणि मी आपला खुशीत, की भाचीचं भाषण किती आवडलं हिला. तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, "मला वाटलं, फक्त मलाच होतंय." ती मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरली होती. थोडक्यात निभावलं म्हणून आम्ही तुम्हा कुणाला सांगितलं नाही. फोनवर तुला "सगळं छान" म्हणते, त्यावर जाऊ नकोस.

मला बोलता येत असतं तर मी तिला रागावलो असतो, आणि काही उपयोग झाला नसता. पाटी हातात धरून विचार करायला लागलो, तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी तुला सांगायलाच विसरलो. इतकी अंगवळणी पडली होती की तो नियम आहे हेच लक्षात नव्हतं.

मैदानात खेळाडू पडला की चेंडू कुठेही जाऊ दे, मी त्या खेळाडूला सोडायचो नाही. तो कुठे धरून बसलाय, डॉक्टर आले, पाणी दिलं, गुडघ्यावर आला, उभा राहिला, पाय टेकून पाहिला. तो उठून उभा राहीपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. कारण त्याची आई कुठेतरी रेडिओपाशी बसलेली असते. तिला पडलेला मुलगा देऊन तुम्ही गोल सांगायला निघून जाऊ शकत नाही. त्यासाठी माझा एक गोल सांगायचा राहिला होता आणि वरच्या साहेबांनी झापलं होतं. तरी मी तेच करत राहिलो.

तू आणि मी मिळून त्या आजींना पायपुसण्यापाशी पाडलं आणि तिथेच सोडून आलो. सगळं केंद्र अजून तिथेच आहे. मामीपण. त्यांना उठव.

मामा


२० एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मी व्यवस्थापक बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी केंद्रात येणाऱ्या व्यायामशिक्षिकेला बोलावलं. आम्ही तिघींनी मिळून आठवडाभर माझ्याच खोलीत सराव केला. पडून उठायचं कसं, हे पडण्यावर इतकी वर्षं काम करणाऱ्या मला नीट करून दाखवता येत नव्हतं.

केंद्रात गेले तेव्हा पडदा नाही, आलेख नाही. हॉलच्या मधोमध सतरंजी आणि एक खुर्ची. मी म्हणाले, "मागच्या वेळी मी त्या आजींना खाली सोडून गेले होते. त्या अजून खालीच आहेत. आज आपण त्यांना उठवू." आणि मी सतरंजीवर आडवी झाले आणि तुझ्यासारखं बोलायला लागले. आजी हलत नाहीत. श्वास घेतात. कुठे जोरात दुखतंय का पाहतात. दुखत असेल तर उठत नाहीत, हाक मारतात. दुखत नाही. मग कुशीवर वळतात. कोपरावर येतात. मग हात आणि गुडघे. खुर्चीपर्यंत रांगत जातात, घाई नाही, चहा उतू गेला तर जाऊ दे. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. भक्कम पाय पुढे. आणि वर. आधी खुर्चीत बसतात. मग उभ्या राहतात.

मागून ते पहिल्या दिवशीचे आजोबा म्हणाले, "तुझं वय काय, तुला उठायला काय जातंय." बरोबरच होतं.

तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मला खाली उतरवा."

व्यायामशिक्षिकेने त्यांना सावकाश खाली बसवलं, मग आडवं केलं. मी शेजारी बसून सांगत राहिले. बाई कुशीवर वळतात. बाई थांबतात. बाई पुन्हा प्रयत्न करतात. कोपर सरकतं, बाई परत खाली. कुणीतरी हात द्यायला पुढे आलं, त्यांनी नुसतं पाहिलं, ते मागे गेले. खूप वेळ लागला, मामा. मी दुसरं एक अक्षर बोलले नाही. त्या गुडघ्यावर आल्या, खुर्ची धरली, बसल्या, उभ्या राहिल्या. केस नीट केले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "एवढी शांतता मला माझ्या शाळेत कधी मिळाली नाही." मग सगळा हॉल हसला आणि त्या रडल्या. मीही रडले.

त्यानंतर ते आजोबा म्हणाले, आता माझा नंबर. संध्याकाळ संपली तरी रांग संपेना.

नोंदी आता भरून येतायत. काही पावलं बिचकत पडलेली आहेत, पण पडतायत. विभागप्रमुख बाईंनी काम पुढे चालू ठेवायला मंजुरी दिली. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या सभेत बोलायचंय. तिथे आकडे लागतील, तेही देईन, पण शेवट उठण्याने करायचा असं ठरवलंय.

तू मला बोलायला शिकवलंस त्याचे आभार आधीच मानले होते. कुणाला सोडून जायचं नाही, हे शिकवलंस त्याचे आज मानते. व्यायामशिक्षिकेने सांगितलेलं सगळं मामीसाठी वेगळ्या कागदावर लिहिलंय, ध्वनिमुद्रणही पाठवलंय. तिला घाई करू नकोस.

तुझी,
भिंगरी


९ मे

भिंगरे,

आजचं पत्र मी लिहितेय. तुझे मामा शेजारी बसलेत, त्यांना आजचा कागद मिळणार नाही.

फोनवर तुला सगळं छान आहे म्हणत होते, ते खरं नव्हतं. तुझं पहिलं भाषण मी रोज ऐकायचे ते आवडलं म्हणून नव्हे. त्या बाई पडतात तिथे दरवेळी वाटायचं, आज तरी सावरतील. न्हाणीघरात घसरले होते तेव्हापासून माझ्या मनात जे होतं ते तू शब्दांत सांगितलंस, आणि मग मला दुसरं काही ऐकूच येईना. तुला दोष देत नाही. कुणीतरी ते बोलायला हवंच होतं.

तुझं दुसरं भाषण आलं तेव्हा यांनी काही न विचारता पलंगावरची गादी काढून जमिनीवर अंथरली, खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः आधी आडवे झाले. या वयात. उठताना मला वाटलं, आता हे खालीच राहतात. पण उठले. मग मी आडवी झाले. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे शेजारी मांडी घालून बसून राहायचे. मी म्हटलं होतं, हात द्यायचा नाही, तर दिला नाही. बोलायची बंदी, तर बोललेही नाहीत. जेवण गार झालं, दाराशी माणूस येऊन परत गेला, पण मी उठेपर्यंत हे जागचे हलले नाहीत. इतक्या वर्षांत मी यांचे हजार सामने ऐकले असतील, पण तो नियम काय होता ते मला तेव्हा कळलं.

आठवड्याने जमलं. मग फाटकापर्यंत गेले. मग कोपऱ्यावरच्या फळांच्या दुकानापर्यंत. परवा एकटी गेले आणि बाकावर बसून आले. हे गच्चीतून बघत असणार, मी मागे वळून पाहिलं नाही.

लहानपणी तू आमच्याकडे राहायला यायचीस तेव्हा तुला चालायला मी शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगत असते. आता मला उलटं सांगावं लागेल, आणि ते मी सगळ्यांना सांगणार आहे. तुझे उपकार आहेत, पोरी. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा म्हणायला लावू नकोस.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. गाडी सकाळची आहे. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. तुझं घर काही लांब नाही, आम्ही चालत येऊ.

तुझी,
मामी